अण्णा सध्या फतेगंजमध्ये आहेत

मोबाईलवर इनकमिंग फुकट झाले त्यानंतरच्या पहिल्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, दुपारच्या जेवणानंतर, बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारे एक निवृत्त इतिहास शिक्षक हलव्याच्या दागिन्यांच्या खोक्यासह बेपत्ता झाले. अंधार पडण्यापूर्वी ते सापडले. मधल्या काळात ते अकोटा, फतेगंज आणि लहरीपुरा या तिन्ही ठिकाणी असल्याची खात्रीलायक माहिती हाती आली होती.

निवृत्त शिक्षक म्हणजे माझे वडील, अण्णा. खात्रीलायक माहिती मिळवणारा मी.

पार्श्वभूमी अशी. माझे लग्न वैशाखात झाले होते आणि माझ्या बायकोची, सुरुचीची, ही पहिली संक्रांत होती. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवतात, हलव्याचे दागिने घालतात आणि बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. सोन्याचे दागिने पुन्हा घडवता येतात. पहिली संक्रांत पुन्हा येत नाही. शिवाय या कार्यक्रमासाठी सुरुचीची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीहून मुद्दाम आल्या होत्या. घरातली प्रत्येक गोष्ट त्या बारकाईने बघत आणि मान हलवत. मान होकाराची की नकाराची, हे मात्र कळत नसे.

दागिने करण्याचे काम तारामावशीकडे होते. ती आईची मावसबहीण, राहायची विश्वामित्री नदीच्या पलीकडे, अकोट्याला. मंद आचेवर तिळाला पाक पाजत बसायचे, दाण्यादाण्याला काटे आणायचे, मग ते दाणे ओवायचे. (या कामात पंखा लावता येत नाही, बोलता येत नाही आणि उठता येत नाही. तारामावशीला यातले फक्त मधले जड जायचे.)

आता मोबाईल. तेव्हाच्या साध्या मोबाईलमध्ये एक सोय होती. ती चालू केली की पडद्यावर, कंपनीच्या नावाखाली, भागाचे नाव उमटायचे. अकोट्याला गेलात की 'अकोटा', फतेगंजला गेलात की 'फतेगंज'. फोन ज्या टॉवरला जोडला गेला असेल त्या टॉवरचे ते नाव. मी एका गुजराती दैनिकात उपसंपादक होतो आणि उत्तरायणाच्या पुरवणीत या सोयीवर मी लेख लिहिला होता. मथळा होता, 'हवे कोई खोवाशे नहीं!' म्हणजे, आता कोणी हरवणार नाही! मोबाईल कंपनीच्या माणसाने मला सांगितले होते की ग्राहक 'आशरे' कुठे आहे हे यावरून समजते. आशरे म्हणजे साधारण. पान लावताना एक शब्द खालच्या ओळीत एकटा लोंबत होता. मी 'आशरे' काढला. ओळ बसली.

पुरवणी त्याच दिवशी सकाळी आली. अण्णांनी लेख चहाबरोबर मोठ्याने वाचला. अण्णा काहीही वर्गात वाचल्यासारखेच वाचत.

"म्हणजे माणूस कुठे आहे ते आता घरबसल्या कळतं?" सासूबाईंनी विचारले.

"अगदी," मी म्हणालो.

"गल्लीपर्यंत?"

"जवळजवळ."

(लेखात 'जवळजवळ'सुद्धा नव्हते.)

सासूबाईंनी मान हलवली.

दुपारी तारामावशीचा फोन आला. दागिने तयार होते. बायका पाचला येणार होत्या. मी सतरंज्या घालण्याच्या कामावर होतो, म्हणून अण्णा म्हणाले, "मी जातो. पूल ओलांडला की आलंच अकोटा."

"चालत जा," आई म्हणाली. "स्कूटर नको. मांजा कुठून कसा येईल सांगता येत नाही. आणि वाटेत कुणाशी बोलत उभे राहू नका."

"मी कुणाशी बोलतो?" अण्णा म्हणाले. यावर घरातले सगळे आपापल्या कामाला लागले.

त्यांनी माझा मोबाईल बरोबर न्यावा अशी सूचना मी केली. वरवर कारण काळजीचे होते. खरे कारण म्हणजे, सासूबाईंपुढे लेखाचे प्रात्यक्षिक होणार होते. फक्त एक अडचण दिसत होती. बडोद्यातल्या जुन्या मराठी माणसांना हे शहर दोनदा पाठ असते, एकदा आहे तसे आणि एकदा होते तसे. पत्ता सांगताना ते दुसरे वापरतात. अण्णांना "कुठे आहात?" असे विचारले तर उत्तर यायचे, "पूर्वी जिथे बग्ग्या दुरुस्त करायचे ना, त्याच्या अलीकडे एक चिंच होती, आता नाहीये, त्या चिंचेच्या समोर." पाडलेल्या इमारती आणि तोडलेली झाडे यांच्या आधारे कुणाला शोधता येत नाही. म्हणून मी नियम घालून दिला.

"अण्णा, फोन वाजला की हे हिरवं बटण दाबायचं. पडद्यावर जे नाव दिसेल ते वाचायचं. बस. पत्ता सांगायचा नाही."

"काहीच नाही?"

"चिंच नाही, बग्गी नाही. फक्त नाव."

"आणि तू काही विचारलंस तर?"

"मी दुसरं काही विचारणारच नाही."

"बरं," अण्णा म्हणाले. पस्तीस वर्षे नियम पाळायला लावणारा माणूस स्वतः नियम किती काटेकोरपणे पाळू शकतो, याचा मला तेव्हा अंदाज नव्हता.

ते आईने विणलेला तपकिरी स्वेटर घालून निघाले. तासाभराने मी घरच्या फोनवरून प्रात्यक्षिकाचा पहिला फोन लावला.

"नाव?"

"अकोटा!" रिसिव्हर कानापासून लांब होता, तरी सासूबाईंना ऐकू गेले.

मी फोन ठेवला. "पोचले. तारामावशीकडे आहेत."

"छान सोय आहे हो, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे हे वाक्य मी जपून ठेवले आहे. त्या दिवसातले त्या प्रकारचे ते शेवटचे.

चहाची वेळ झाली तरी अण्णा आले नाहीत. मी पुन्हा फोन लावला. पलीकडून शिट्ट्या, लाऊडस्पीकरवरचे गाणे आणि "ए लपेट!" असा, कुणाचा तरी पतंग कापल्यावरचा, मोठा गलका ऐकू आला. अण्णा म्हणाले, "अकोटा."

"अजून तिथेच? अण्णा, निघा आता!"

"पण मी तर..." एवढ्यात लाईन कटली.

सुरुची बाजूला उभी होती. ती म्हणाली, "अहो, ते 'लपेट' फोनमधून आलं ना, तेव्हाच बाहेरूनपण आलं."

"अगं, आज उत्तरायण आहे. आख्ख्या बडोद्यात हेच ओरडतात."

"एकाच वेळी?"

"एकाच वेळी," मी म्हणालो. (वृत्तपत्रात काम करणाऱ्याला घरच्यांच्या प्राथमिक माहितीवर विश्वास न ठेवण्याची सवय लागते.)

मग आईने तारामावशीला फोन केला आणि तिचा चेहरा उतरला. "ते केव्हाच निघाले म्हणते तारी. खोका घेऊन. चहासुद्धा घेतला नाही."

म्हणजे अण्णा अकोट्यात होते पण तारामावशीकडे नव्हते. पुलाच्या अलीकडे आले नव्हते. आजच्या दिवशी, मांज्याने भरलेल्या आकाशाखाली, सत्तरीचा माणूस वाटेत कुठेतरी बसलेला होता. आईने देवापुढे दिवा लावला. मी गळ्याभोवती तिची लोकरी शाल दोनदा गुंडाळली (मांज्यापासून संरक्षण), डोक्यावर हेल्मेट चढवले आणि स्कूटर काढली.

"मी गल्लीपर्यंत सांगितलंय," मी सासूबाईंकडे न बघता म्हणालो. "आत्ता आणतो."

अकोट्यातल्या गल्ल्या मी पुलाच्या टोकापासून तपासल्या. त्या दिवशी बडोद्याच्या रस्त्यावर माणूस नसतो. सगळे शहर अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, असते. खाली फक्त कुत्री, कटलेले पतंग आणि मी. एक फोनचे बूथ दिसले, पण त्याला कुलूप होते. मी वर बघून हाक मारली.

"भाई, फोन करवो छे!"

चौथ्या मजल्यावरून एक डोके बाहेर आले. "चावी उपर छे! आवो ने!"

मी चार मजले चढून गेलो. चावीवाल्याचा पेच लागला होता. त्याने न बघता माझ्या हातात फिरकी दिली. त्याचा पेच संपेपर्यंत मी ढील दिली, तिळाची चिक्की खाल्ली, आणि एका बाईंना माझे वडील हरवल्याचे सांगितले. त्या "अरेरे" म्हणाल्या आणि आणखी चिक्की दिली. मग चावी मिळाली.

"अण्णा, नाव!"

"फतेगंज."

"काय?"

"फ-ते-गं-ज," अण्णांनी श्रुतलेखन घातल्यासारखे सांगितले.

"फतेगंजला कसे गेलात?"

"मी कुठे गेलो? मी हललोच नाहीये."

अकोटा नदीच्या एका बाजूला, फतेगंज पार दुसऱ्या टोकाला, विद्यापीठाच्या पुढे. माणूस एवढा जातो आणि त्याला आपण हललो हे कळत नाही! "अण्णा, आता हलू नका! जिथे आहात तिथेच थांबा!"

"बरं," अण्णा म्हणाले. "नाहीतरी माझे दोन्ही हात..." लाईन कटली.

दोन्ही हात काय? मी घरी फोन लावला. आईला फक्त एवढेच सांगितले की, "अण्णा सध्या फतेगंजमध्ये आहेत."

"फतेगंज? तिथे आपलं कोण आहे?"

"तेच बघायला चाललोय."

"अहो," मागून सुरुचीचा आवाज आला, "पण तुम्ही त्यांना विचारलंत का..."

मी फोन ठेवला. बातमीच्या वेळी प्रश्न ऐकत बसता येत नाही.

फतेगंज हा लहान भाग नाही, म्हणून मी पद्धतशीर विचार केला. नाव टॉवरचे आहे, तेव्हा टॉवर शोधायचा. एका चार मजली इमारतीच्या डोक्यावर तो सापडला. मी वर पोचलो. टॉवरच्या बुडाशी एक वयस्कर माणूस पाठमोरा उभा होता. तपकिरी स्वेटर, हातात फिरकी. टॉवरच्या नेमका खाली! लेखाला याहून चांगला पुरावा मिळाला नसता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गदगदून म्हणालो, "अण्णा!"

ते दचकले. फिरकी सुटली. वर पेच लागलेला त्यांचा पतंग कटला आणि शेजारच्या तीन गच्च्यांवरून एकदम थाळ्या वाजल्या. ते वळले. ते अण्णा नव्हते.

"कोण छे आ?" त्यांनी सगळ्या अगाशीला विचारले.

"मारा फादर खोवाई गया छे," मी म्हणालो.

पतंगाचा राग तिथल्या तिथे विसरला गेला. मला खुर्ची मिळाली, पाणी मिळाले, उंधियूची ताटली मिळाली.

"हातमां कंई हतुं?"

"खोकुं. दागिनानुं."

कुणीतरी गाणे बंद केले. "दागिना? पोलीसने फोन करो!"

"ना ना," मी घाईने म्हणालो, "खांडना दागिना छे. साखरेचे."

"खांडना दागिना?"

मी पहिल्या संक्रांतीची प्रथा समजावून सांगितली. हेल्मेट घातलेला, गळ्यात बायकी शाल गुंडाळलेला एक माणूस साखरेचे दागिने घेऊन पळालेल्या बापाला शोधत होता. त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि मला जिलेबी दिली. गाणे पुन्हा सुरू झाले.

मालकांनी आपला मोबाईल पुढे केला. माझ्याच कंपनीचा होता. फोन लावण्यापूर्वी मी सवयीने पडद्यावरचे नाव पाहिले. आम्ही फतेगंजच्या टॉवरला टेकून उभे होतो आणि नाव होते 'निझामपुरा'.

"तमारो फोन खराब छे," मी त्यांना सांगितले. बिचाऱ्यांनी तो दोनदा झटकला.

"अण्णा, नाव?"

"लहरीपुरा."

"मी म्हटलं होतं ना हलू नका!"

"अरे, हललो असतो तर पेच गेला नसता का?"

पेच म्हणजे अडचण, असे मी धरले. कसली अडचण, कुणाबरोबर, हे विचारायला हवे होते. पण मी मनात नकाशा बघत होतो. फतेगंज ते लहरीपुरा म्हणजे जुन्या शहराच्या दरवाज्यापर्यंत. मी जिलेबी खाईपर्यंत त्यांनी ते अंतर कापले होते. रिक्षा एवढी पळत नाही. मग मोटार. कुणाची? आणि ते दोन्ही हात बांधलेले तर नव्हते?

लहरीपुऱ्याला मी ज्या वेगाने गेलो तो लिहिण्यासारखा नाही. एरवी पाय ठेवायला जागा नसते असा तो बाजार पूर्ण बंद होता. दरवाज्याखाली एक गाय बसली होती. तिने माझ्या गळ्यातल्या शालीला अडकलेले, कुणाच्या तरी मांज्याचे लांबलचक शेपूट शांतपणे पाहिले. एका दुकानदाराच्या घरून फोन करून पाहिला तर सगळ्या लाईन्स व्यस्त. आख्खे शहर एकमेकांना हॅपी उत्तरायण म्हणत होते.

मी रिकाम्या हाताने घरी परतलो तेव्हा दारात चपलांची रांग लागली होती. बायका आल्या होत्या. पुढच्या खोलीत आई हसून सांगत होती, "दागिने वाटेत आहेत." मधल्या खोलीत सुरुची काळी चंद्रकळा नेसून उभी होती. पदर नीट, केस बांधलेले, गजरा माळलेला, आणि गळा, कान, हात रिकामे. सासूबाईंनी स्वतःच्या गळ्यातली मोहनमाळ काढून हातात धरली होती.

"घाल गं ही. निदान फोटोपुरती."

"नको आई. सोनं काय, दिवाळीला घालीन. हे आज नाही तर कधीच नाही." मग तिने माझ्याकडे पाहिले. आवाज खाली आणला. "जाऊ दे दागिने. अण्णांचं काय?"

"अण्णा फतेगंजहून लहरीपुऱ्याला गेले."

"कशाने?"

"ते कळत नाही. पण वेग फार आहे."

सासूबाईंनी मान हलवली. या वेळी दिशा स्पष्ट कळली.

आईही आत आली होती. तिचे हसू दाराबाहेरच राहिले होते. "पोलिसात जायचं का रे?" तिने विचारले. मी म्हणालो, एकदा शेवटचा फोन करतो. नंबर लागला.

"अण्णा, नाव सांगा. लवकर!"

"लहरीपुरा. थांब, बदललं. अकोटा. नाही, परत लहरीपुरा."

मी रिसिव्हरवर हात ठेवला. "आता ते दोन्हीकडे आहेत," मी जमलेल्यांना सांगितले.

सुरुचीने माझ्या हातातून रिसिव्हर काढून घेतला.

"अण्णा, मी सुरुची. तुम्ही कुठे आहात?"



"समोर," अण्णा म्हणाले.

अण्णांचा आवाज नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता, त्यामुळे पुढच्या खोलीतल्या बायकांनाही तो ऐकू गेला.

"समोर म्हणजे?"

"किरीटभाईंच्या अगाशीवर. खिडकीत ये, दिसेन."

फोनची वायर जाईल तिथवर सुरुची खिडकीकडे गेली आणि तिने पडदा सारला. रस्त्यापलीकडे किरीटभाईंची सात मजली इमारत. तिच्या डोक्यावर, मावळत्या उन्हात, तपकिरी स्वेटर. एका हातात फिरकी, दुसऱ्यात मोबाईल. फिरकीचा हात वर झाला.

"साडी छान दिसतेय हो," रिसिव्हर म्हणाला.

"अण्णा, दागिने?"

"हा काय खोका, पायाशी. येऊ का घेऊन? बायका आल्या वाटतं. मला कुणी सांगितलंच नाही."

पुढच्या खोलीतून पहिले हसू फुटले ते कुणाचे, याबाबत मतभेद आहेत. आई म्हणते देशपांडेकाकूंचे. मला ते सासूबाईंचे वाटले.

अण्णा लिफ्टने खाली आले. बरोबर किरीटभाई होते, हातात जिलेबीचा डबा आणि चेहऱ्यावर अपराधी भाव. घटनाक्रम दोघांकडून वेगवेगळा तपासून घेतला. तो जुळला. अण्णा तारामावशीकडून सरळ परत आले होते. आमच्या फाटकापाशी किरीटभाईंनी त्यांना पकडले. "साहेब, पांच मिनिट! मारी फिरकी पकडनार कोई नथी!" किरीटभाईंची पाच मिनिटे साऱ्या गल्लीला माहीत आहेत. मी केलेले सगळे फोन, अगदी पहिला 'अकोटा'सुद्धा धरून, अण्णांनी त्या अगाशीवर घेतले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत ते आमच्या घरापासून एका रस्त्याच्या अंतरावर होते.

"मग सांगायचं नाही?" मी ओरडलो.

"काय सांगायचं? तूच म्हणालास, नाव वाचा, दुसरं काही बोलायचं नाही."

"पण नाव सारखं बदलत होतं!"

"हो ना. मलाही मजा वाटली. म्हटलं, तुझ्या पेपरचं काही काम चाललं असेल. सकाळीच लेख आला होता."

"मी आख्खं गाव पालथं घातलं, अण्णा!"

"बघितलं की. शाल गुंडाळून निघालास तेव्हा हाक मारली, हात केला. परत आलास तेव्हाही केला." अण्णांनी चष्मा पुसला. "आज सगळं बडोदं वर बघतंय रे. तू एकटाच खाली बघत होतास."

तांत्रिक खुलासा मला कंपनीच्या त्या माणसाकडून नंतर मिळाला. जमिनीवर असताना फोनला आसपासचा टॉवर दिसतो. सातव्या मजल्याच्या वर त्याला लांबलांबचे टॉवर सारखेच दिसतात आणि तो कधी याला, कधी त्याला धरतो. टॉवरच्या अगदी बुडाशी त्याच टॉवरचा सिग्नल डोक्यावरून जाऊ शकतो, त्यामुळे फतेगंजच्या त्या गृहस्थांचा फोन बहुधा ठीक होता. आणि अकोटा, फतेगंज, लहरीपुरा हे तीन बिंदू नकाशावर जोडले तर जो त्रिकोण होतो, त्याच्या आत दांडिया बाजार आहे. "एटले ज में आशरे कह्युं हतुं," तो म्हणाला.

खोका उघडला. आतले दागिने पांढरेशुभ्र, काटेदार, एक दाणा तुटलेला नाही. तन्मणी, बाजूबंद, बिंदी, कमरपट्टा. कर्णफूल मात्र एकच होते.

किरीटभाईंनी घसा साफ केला. "भाभी, मने एम के मराठी मीठाई छे. साहेब पेचमां हता, पूछवा कोने?" मग प्रामाणिकपणे जोडले, "बहु मीठुं हतुं." म्हणजे, फार गोड होते.

सगळे सुरुचीकडे बघत होते. तिने ते एक कर्णफूल उचलले, उजव्या कानात अडकवले आणि म्हणाली, "फोटो या बाजूनं काढा."

हळदीकुंकू झाले. तिळगूळ वाटला गेला. किरीटभाईंची जिलेबी संपली. सासूबाई निघताना आईला म्हणाल्या की, तुमचे व्याही, म्हणजे सुरुचीचे वडील, असेच कुठेतरी गच्चीवर बसलेले सापडायचे, फोन नव्हता तेव्हा मी खिडकीतून हाक मारायची. माझ्याकडे बघून त्यांनी तिळगूळ दिला आणि पुढचे वाक्य, गोड बोलण्याविषयीचे, पूर्ण म्हटले.

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी आमचा अंक निघत नाही. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर, खाली डावीकडे, एका ओळीची दुरुस्ती आली. पुरवणीतील लेखात 'आशरे' हा शब्द वाचावा, असे तिच्यात म्हटले होते. ती मीच लिहिली आणि या वेळी ओळ बसते की नाही ते पाहिले नाही.

फोटो अजून दिवाणखान्यात आहे. त्यात सुरुची उजव्या बाजूने दिसते. शेजारी मी, गळ्यात हलव्याचा हार. नवऱ्या मुलाच्या हातात द्यायला म्हणून तारामावशीने एरवीच्या हलव्याच्या नारळाऐवजी, तिच्या मते, काळाप्रमाणे, हलव्याचा एक मोबाईल केला होता. तो मी छातीशी धरला आहे. त्याच्या पडद्यावर तिने केशराच्या पाण्याने भागाचे नाव घातले होते, 'बडोदे'. त्या दिवशी माझ्या हाती आलेल्या ठिकाणांपैकी पडताळणीत बरोबर निघालेले ते एकच.